नानांचं गाजलेलं परीक्षण आणि शिदबाचा भोंगा

नाना निर्भीड नव्हते.

सकाळपासून तुमच्या पोस्ट वाचतोय. 'निर्भीड पत्रकार हरपला.' 'फौजदारालाही न घाबरणारी लेखणी.' आणि प्रत्येक पोस्टखाली त्या जुन्या सिनेमा-परीक्षणाचं तेच कात्रण.

थांबा जरा.

नाना, माझे मामा, आज पहाटे साताऱ्यात राहत्या घरी गेले. पंच्याण्णव वर्षांचे होते. सभेत उभं राहून बोलायला मला त्यांनीच शिकवलं.

त्या परीक्षणाची खरी गोष्टही त्यांनीच मला सांगितली. वर बजावलं, "मी गेलो की लोक ते कात्रण काढतील. तेव्हा गप्प बसू नकोस. जन्मभर माईकवर बोलत आलास, तेवढं बोल."

तर बोलतो.

चाळीसच्या दशकाची अखेर. आपल्याकडे दारूबंदी नवी नवी लागत होती. नाना विशीतले, साताऱ्याच्या एका साप्ताहिकात सिनेमावर लिहायचे.

विट्याजवळच्या एका बाजाराच्या गावात तंबू टॉकीज आली. पिक्चर अमेरिकन. तिकडेही दारूबंदी, आणि एक गरीब पोरगा ट्रकमधून चोरटी दारू नेता नेता टोळीचा मालक होतो.

इंग्रजी कोणाला कळणार? म्हणून पडद्याशेजारी एक माणूस भोंगा घेऊन उभा राहायचा. पिक्चरचा आवाज बारीक करायचे आणि तो गोष्ट मराठीत सांगायचा.

त्याचं नाव शिदबा. आटपाडीकडचा. महायुद्धात इटलीला जाऊन आलेला, गोऱ्यांमध्ये राहून थोडंफार इंग्रजी कानावर पडलेलं. बाकीचं तो स्वतःच्या पदरचं घालायचा.

पडद्यावर ट्रक. शिदबा म्हणतो, "ह्यो बघा गडी, गाडीत उसाच्या वाढ्याखाली बाटल्या दडवून निघालाय!"

पडद्यावर पोलीस अधिकारी. शिदबा आवाज जाड करतो, "फौजदार काय म्हनतोय ऐका. म्हनतोय, बाटल्या फोडा रं! पर निम्म्या माझ्या घरी नेऊन फोडा!"

सगळा तंबू हसून लोळला. कारण जप्त केलेली दारू कुठे जाते, ते अख्ख्या गावाला ठाऊक होतं.

पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर नाना होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

आणि साताऱ्याला येऊन लिहिलं, "अमेरिकन दिग्दर्शकाचे धाडस पाहा! जप्त दारू घरी नेणारा फौजदार त्याने बेधडक दाखवला. आपल्याकडे अशी छाती कोणाची आहे?"

हेच ते तुमचं कात्रण.

परीक्षण तुफान गाजलं. सांगलीपर्यंत हॉटेलांत मोठ्यानं वाचलं गेलं. पिक्चर न पाहिलेल्या दुसऱ्या दोन संपादकांनी हाच मुद्दा उचलून पिक्चरला थोर ठरवलं.

गावचा खरा फौजदार मात्र चिडला. बाजारातून जाताना लोक त्याला बघून हसायला लागले होते. तो इंग्रजी शिकवणाऱ्या हेडमास्तरांना घेऊन तंबूत आला. हेडमास्तरांनी पिक्चर नीट ऐकला आणि सांगितलं, "साहेब, असं वाक्यच नाही यात. हा पोलीस तर प्रामाणिक आहे. शेवटी त्या दारूवाल्याला हाच पकडतो."

म्हणजे नानांनी परीक्षण लिहिलं होतं ते शिदबाचं. नानांचं इंग्रजी मॅट्रिकच्या पुस्तकातलं. पडद्यावरचं एक वाक्य त्यांना कळलं नव्हतं.

फौजदाराचा माणूस साप्ताहिकात आला. "हे वाक्य आणलं कुठनं?"

नानांनी एवढंच म्हणायला हवं होतं, "मला इंग्रजी कळलं नाही. मी शिदबाचं ऐकलं, आणि तो जे बोलला ते खरं आहे."

सातारा चार दिवस हसला असता. बस, एवढीच शिक्षा होती.

पुढच्या अंकात नानांचा खुलासा आला, "सदर वाक्य चित्रपटात नाही. तंबूतील सांगणाऱ्याने ते घुसडले. या असभ्य प्रकाराकडे लक्ष वेधणे हाच आमचा हेतू होता."

शिदबाला दोन दिवस चौकीत बसवून ठेवलं. टॉकीजच्या मालकानं भोंगा काढून घेतला आणि त्याला घालवलं.

गावी परतण्याआधी तो साताऱ्याला येऊन साप्ताहिकाच्या दारात उभा राहिला. आवाज चढवला नाही.

"आवं पत्रकार, तुमी पुढच्याच खुर्चीवर हुता की. लय हसत हुता. तुमच्याकडं बघूनच म्या ते दुसऱ्यांदा म्हनलो."

नाना म्हणाले, "मी कामात आहे."

"व्हय, असा की. आमी न्हाई आता कामात."

बरीच वर्षं गेली. एकदा आटपाडीच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात नानांना तोच आवाज ऐकू आला. शिदबा एका बोकडाचं वर्णन करत होता आणि लोक खो खो हसत होते. नाना गर्दीच्या मागे उभे राहिले. मग पुढची एसटी पकडून परत आले.

"मला बघून त्याचं हसवणं थांबलं असतं रे," मला म्हणाले.

हे ऐकल्यावर मी सहा महिने नानांकडे गेलो नाही. आज वाटतं, जायला हवं होतं. आणि आजही त्यांना माफ करता येत नाही. दोन्ही खरं आहे.

मी भर सभेत सत्तेवर तुटून पडतो, लोक टाळ्या वाजवतात. शिदबानं तेच केलं, दारूबंदीच्या दिवसांत, फौजदाराच्याच गावात. त्याचं नाव कोणत्याही कात्रणात नाही. खुलाशातसुद्धा तो फक्त 'सांगणारा'.

तो खुलासा नानांनी जन्मभर जपून ठेवला होता. दोन्ही कात्रणांचा फोटो खाली टाकलाय. यापुढे शेअर करायचं असेल तर दोन्ही करा.

शिदबा आता नसणारच. त्याच्या घरचं कोणी आटपाडीकडे असेल तर मला कळवा. मी येतो. गर्दीच्या मागे उभा राहणार नाही.

नाना, सांगितलंत तेवढं बोललो. निघा आता. तुमच्या पायावर डोकं ठेवतो.

आणि शिदबा, भावपूर्ण श्रद्धांजली आज तुम्हाला. फार उशिरा.