चिंचेनं घासलेलं टोकन

अकोल्याच्या बाजारातला माझा फुलवाला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली टोकनं जमवतो. तेव्हा सुट्ट्या नाण्यांची टंचाई होती, म्हणून दुकानदार स्वतःच्या नावाची टोकनं काढत. तो ती फुलासारखी कडेनं धरतो, पुसत कधीच नाही.

बार्शीटाकळीच्या आमच्या घरात सापडलेलं एक पितळी टोकन मी चिंच आणि राखेनं लख्ख घासून त्याला दिलं. दुकानाचं पुसट नाव पार गेलं होतं.

"कोनं घासलं भाऊ?"

"बायकोनं," मी खोटं बोललो.

"वहिनीले बोलू नका. असं दुसरं तिथंच कोनाजवळ तं असनच."

तेव्हापासून तो दर रविवारी बार्शीटाकळीत दारोदार तसं टोकन आहे का विचारतो. काल मी खरं सांगितलं. तो हार ओवतच राहिला.

"मंग या रविवारी तुमीबी चाला. अर्धी गल्ली तुमची."