खसखस नसलेली थंडाई

वस्तादीण बदाम भिजत घालताना मोजायची नाही, दाबून बघायची. एकेक बदाम अंगठ्याखाली धरायचा. पोकळ लागला की तो मला खायला मिळायचा. त्या शनिवारी दिवेलागणीला आम्ही दोघं स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हेच करत होतो. सात-आठ पोकळ बदाम माझ्या वाट्याला आले. पातेलं भरलं तसं तिने वर पाणी ओतलं, ताटली झाकली आणि गुडघ्याला हात न लावता उठली. पन्नाशी उलटली होती, पण हात टेकून उठताना मी तिला कधी बघितलं नाही.

"उद्या चला माझ्यासंगं. किटली जड होते," ती म्हणाली. "आणि तिथं कुणाला काही सांगत बसू नका."

मी बरं म्हटलं. दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं साधं काम.

वस्तादीण म्हणजे माझी बायको. हे नाव मीच ठेवलं, चिडवायला. तिचे वडील कोल्हापुरात तालमीचे वस्ताद होते. तालमीत बाईमाणसाला पाऊल ठेवायची सोय नव्हती, म्हणून ही परसातल्या खिडकीतून बघायची आणि गोठ्यात येऊन तसंच करायची. लग्न झाल्यावर सुटेल म्हटलं. नाही सुटलं. मी जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर. सिंगापूरला आलो, यिशुनला भाड्याचा फ्लॅट घेतला, मागनं ही आली ती वडिलांचे व्यायामाचे दोन लाकडी मुद्गल आणि पाटा-वरवंटा घेऊन. साडीचोळीची ट्रंक घरीच राहिली होती.

आमच्या ब्लॉकखाली मोकळी जागा होती, व्हॉइड डेक म्हणतात तिला. सकाळी चिनी म्हाताऱ्या तिथे सावकाश हातवारे करत व्यायाम करायच्या. त्यांच्या शेजारी ही पदर खोचून मुद्गल फिरवायची. एक म्हातारी रोज ओरडायची, "केअरफुल लाह!" ही मराठीत सांगायची, "मावशी, तुम्ही तुमचं बघा." दोघींचं छान जमायचं.

तिथेच तिला तांबड्याने बघितलं. तांबडा आमच्या यार्डातला ऑस्ट्रेलियन इंजिनीयर, केस तांबडे, आडवा गडी. त्यांच्याकडच्या लोकांचा एक हौशी क्लब होता, रग्बी लीग खेळायचे. तेरा-तेरा गडी. चेंडू पोटाशी धरून पळायचं, समोरच्यांनी धरून आडवं पाडायचं, सहा वेळा पाडलं की चेंडू त्यांच्याकडे. तांबडा मला घेऊन गेला, मी हिला घेऊन गेलो. तिने अर्धा सामना बघितला आणि म्हणाली, "कबड्डीच की ही. पण यांना माना नाहीत."

दुसऱ्या रविवारपासून तिने माना हातात घेतल्या. पैशाचा प्रश्नच नव्हता, कुणी दिलेही नाहीत, तिने मागितलेही नाहीत. क्लबात वजनं होती, लोखंडी, चकचकीत. तिने ती कोपऱ्यात लावायला सांगितली. मी यार्डातून जहाजाचा टाकून दिलेला दोर आणला, मनगटाएवढा जाड. तो ओढायचा. वाळूचं पोतं छातीशी धरून चालायचं. बैठका तर विचारू नका. सहा-सहा फुटांचे गडी, आणि ही पाच फुटाची नऊवारी नेसून समोर उभी. इंग्रजी शून्य. "बस. ऊठ. बस. पाठ!" एवढ्यावर चालायचं. महिन्याभरात ते एकमेकांनाच "पाठ, पाठ" म्हणून ओरडायला लागले. कुणी दमून पाय ओढायला लागला की ती म्हणायची, "बस जरा. मेलास तर तुझ्या आईला काय सांगू मी, आणि कुठल्या भाषेत?" मी त्याचं इंग्रजी करून सांगायचो. जमेल तसं.

शेवटी किटलीतली थंडाई. बदाम, बडीशेप, मिरी, वेलची, मगज बी, दूध. तालमीत थंडाईत खसखस पडते. सिंगापुरात खसखस आणायलाच बंदी. ती आली त्याच आठवड्यात टेक्का मार्केटातल्या दुकानदाराने तिला तसं सांगितलं, आणि त्या दिवसापासून तिने खसखशीच्या जागी मगज बी घातलं. खसखशीचा एक दाणा त्या घरात कधी आला नाही. हे मी आधीच लिहून ठेवतो.

आता दोरीपलीकडचे. मैदानाला दोरी बांधलेली असायची आणि पलीकडे हातात बियर घेऊन बघे उभे राहायचे, दोन्ही क्लबांचे. तुमच्या गावात आखाड्याच्या कडेला असे लोक असतात, कधी लंगोट न बांधलेले. त्यांना सगळं ठाऊक असतं. कुणाचा गुडघा गेलाय, कोण पुढच्या वर्षी कुठल्या क्लबात जाणार, तिकडे त्यांच्या देशातल्या मोठ्या लीगमध्ये कुणाला किती पैसे मिळाले. यातलं निम्मं त्यांनी तिथेच उभ्या उभ्या बनवलेलं असायचं. वस्तादीण म्हणायची, "यांना पन्नास बैठका लावा, आपोआप गप्प बसतील."

नेहमी हरणारा आमचा क्लब लागोपाठ तीन सामने जिंकला. तिसऱ्या सामन्यानंतर दोरीपलीकडच्या एकाने माझ्यासाठी बियर आणली आणि विचारलं, तुझी बायको यांना पाजते तरी काय? त्या मैदानावर मला पहिल्यांदाच कुणी काही विचारलं होतं. दोन बियर पोटात होत्या. आमच्याकडे खुराक कुणाला सांगत नाहीत, नजर लागते, तिच्या वडिलांचा तो कडक नियम. मी खुराक सांगून टाकला. आणि सांगितला तो तिच्या किटलीतला नाही, लहानपणापासून ऐकलेला, पाठ असलेला. बदाम, बडीशेप, मिरी, वेलची, खसखस. खसखस म्हणजे काय, त्याने विचारलं. मला येतं ते इंग्रजी यार्डातलं, नटबोल्टाचं. मी म्हटलं, "ओपियम सीड." अफूचं बी.

तो हसला. मीही हसलो.

पुढच्या सामन्याला विरुद्ध क्लबाचे लोक आमचा गडी पळाला की झोपल्यासारखी मान टाकून दाखवायचे. त्याच्या पुढच्याला, भारतीय बाई पुड्या विकते, असं झालं होतं. अफू म्हटल्यावर सिंगापुरात कुणी थट्टा करत नाही. फासावर चढवतात तिथे. क्लबाच्या लोकांची गाळण उडाली. तांबडा घरी आला, बूट काढून खुर्चीच्या कडेवर बसला, चहा प्यायला नाही. "काही दिवस येऊ नका आँटी," म्हणाला. "मला ठाऊक आहे तसलं काही नाही. पण लोक बोलतायत."

मी ते मराठीत सांगितलं. तिने विचारलं, "कोण बोललं?"

मी ते इंग्रजीत विचारलंच नाही. म्हटलं, "लोक गं. लोकांचं काय."

तिने दोर गुंडाळून पलंगाखाली ठेवला. त्या दिवशी बोललो असतो तर निस्तरलं असतं. पोलीस येतील, कामाचा पास जाईल, म्हणून भ्यायलो हे खरं. पण त्याहून जास्त तिला भ्यायलो. आज सांगतो, उद्या सांगतो. दोन वर्षं गेली.

एकदा पाट्यावर वाटताना तिने विचारलं, "अहो, आपल्या घरात खसखस कधी आली का?"

"नाही."

"मग त्यांना कसं सुचलं?"

मी रेडिओ लावला. तिने वाटण सावडलं आणि पुन्हा विचारलं नाही. रविवारी ती मलाच बैठका घालायला लावायची. "आता तुमच्यावरच भागवायचं," म्हणायची. मी वीसला गळायचो. ती म्हणायची, "त्या पोरांचं शंभराला काही व्हायचं नाही." त्या पोरांचं नाव निघालं की तिचा हात वरवंट्यावर थांबायचा. तेवढंच. बाकी तक्रार नाही.

मग त्या शुक्रवारी तांबड्याचा फोन आला. क्लब पुन्हा हरत होता, जुनी माणसं गेली होती, नवी आली होती. रविवारी या म्हणाला. मी ते मराठीत सांगताच तिने पलंगाखालचा दोर ओढून काढला आणि गॅलरीत उन्हाला टाकला. शनिवारी टेक्काला जाऊन बदाम आणले. आणि दिवेलागणीला आम्ही ते निवडले, ते वर लिहिलंच आहे.

जेवायच्या आधी ती छातीला हात लावून भिंतीशी बसली. त्या दिवशी पहिल्यांदा हात टेकला. दवाखान्यात काय झालं ते लिहीत नाही. पहाटे मला एकट्याला घरी पाठवलं. कागद व्हायचे होते, दुपारी तिला न्यायला या म्हणाले.

घरात आलो तर पातेल्यात बदाम टरारून फुगलेले. सुतकात चूल पेटवत नाहीत. पण थंडाईला चूल कुठे लागते. मी जमिनीवर बसलो आणि साली काढायला लागलो. काढता काढता तिचं बोलणं आठवलं. तिथं कुणाला काही सांगत बसू नका. काल बरं म्हणून सोडून दिलं होतं. आता हातातला बदाम तसाच राहिला. तिला ठाऊक होतं. रेडिओ लावला त्या दिवसापासून ठाऊक असणार. दोन वर्षं माझ्या हातचा चहा प्यायली आणि बोलली नाही.

सगळं वाटलं. माझ्याने तिच्यासारखं बारीक झालं नाही. किटली घेऊन एमआरटीच्या गाडीने मैदानावर गेलो. गडी पळत होते, दोरीपलीकडचे होतेच. मी दोरीशी उभा राहिलो आणि यार्डातल्या इंग्रजीत सांगितलं की यात खसखस नाही, कधीच नव्हती, ती अफवा माझ्या तोंडातून निघाली आणि मी दोन वर्षं गप्प बसलो. कुणी हसलं नाही. जुन्यांपैकी दोघंतिघं होते, ते खाली बघत राहिले. मी झाकणात ओतून आधी स्वतः प्यालो. मग तांबडा आला, त्याने पेला पुढे केला. मग एकेक करत बाकीचे. दोरीपलीकडचेही दोघं आले.

"थोडी जाडसर वाटलीय," तांबडा म्हणाला. "आँटी कुठे आहे?"

"आधी प्या," मी म्हटलं.

किटली रिकामी झाल्यावर सांगितलं. मग मैदानाच्या नळावर किटली विसळली आणि तिला आणायला गेलो.