गावंडे सरांचे खलनायक

सिनेमातल्या खलनायकाचा बाहुला हाती आला की गावंडे सर आधी त्याला काडेपेटीवर बसवत. गुडघे नीट वाकले आणि पाठ ताठ राहिली, तरच पुढची तपासणी. "हिरो उभा राह्यते, मॅडम. व्हिलन बसते. त्याचं काम दुसरे करून राह्यले असतात," हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. अकोल्याच्या आमच्या कॉलेजात ते फिजिक्स शिकवत, मी मराठी. मी नुकतीच रुजू झाले होते. मला वाटलं, प्राचार्यांबद्दल बोलताहेत.

हातपाय वळणारे हे वीतभर बाहुले चांगली मोठी माणसं जमवतात आणि त्यावरून हातघाईवर येतात, हे मला सरांमुळे कळलं. नागपूर-पुण्याहून लोक त्यांच्याकडे फोटो पाठवत, पार्सलं पाठवत. बाहुला असली की नकली, आणि जमवण्याजोगा आहे की नाही, एवढं सर सांगत. पण सांगताना भीड म्हणून ठेवत नसत. असली बाहुल्यावरून साचा काढला की नक्कल केसभर बुटकी निघते, कडेचा जोड जाड दिसतो. हे त्यांना डबा न उघडताही दिसे. "याले अकोल्याचा एक मे महिना दाखवा," ही त्यांची शेवटची परीक्षा. कूलरशिवाय आमचा उन्हाळा काढून जो घोट्यातून वाकला नाही, तो पक्का. त्यांच्या बैठकीच्या खोलीत असे पक्के दुष्ट रांगेने बसलेले असत. वहिनी त्यांना 'तुमच्याकडचे पाहुणे' म्हणत आणि सणावारी मात्र न चुकता त्यांची धूळ पुसत.

सरांच्या मुलीचं, मृणालचं, अमरावतीच्या बोंड्यांच्या मुलाशी जमलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. मोठ्यांची बैठक तेवढी व्हायची होती, आणि तिला सर मलाही अमरावतीला नेत होते. निघायच्या आधी मृणालने मला बाजूला घेतलं. "मॅडम, त्याच्या वडिलांकडे एक व्हिलन आहे. त्याला हसले म्हणून सख्ख्या साडूशी बोलत नाहीत ते. तुम्ही बाबांच्या शेजारी बसा. बाबा तोंड उघडायला लागले की चिमटा काढा." पोरीचा चेहरा पाहून मला हसूही येईना.

बोंडेसाहेबांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट होतं, आत छोटा दिवा, आणि दिव्याखाली बंद पारदर्शक डब्यात काळ्या झग्यातला, एका गालावर व्रण असलेला बाहुला. पोहे झाले, चहा आला. बोंडेसाहेब होणाऱ्या व्याह्यांना कौतुकाने म्हणाले, "तुमी तं यातले जाणकार हा. सांगा इवाई, कसा हाये आमचा गडी?" सर उठून कपाटाशी गेले. मीही मागे गेले आणि चांगला चिमटा काढला. सरांनी दंड चोळला आणि म्हणाले, "नकली हाये."

खोलीत कोणी बशीसुद्धा हलवेना. बोंडेसाहेबांचे कान लाल झाले. मृणालने डोळे मिटून घेतले. मला सरांचा असा राग आला की म्हणते काय! एक दिवस, फक्त एक दिवस हा माणूस गप्प बसू शकत नव्हता?

सर मात्र अजून काचेला नाक लावून उभे होते. "काहून बा गप झाले सारे? मी नकली म्हनलं, वाईट नाई म्हनलं. दोन्ही अलग गोष्टी हायेत. याचे डोये पाहा. असलीच्या डोयात नुसते दोन ठिपके असतात. हे कोनीतरी जीव लावून रंगवले. या मानसाले कोनीतरी दगा देल्ला, म्हनून हा असा झाला, हे दिसते पाहा." मग ते वळले. "माह्याजवळ याचा असली हाये. तो घ्या अन् हा मले द्या. आत्ताच."

आपली समजूत काढताहेत की काय, म्हणून बोंडेसाहेबांनी त्यांना नीट न्याहाळलं. मग स्वतः कपाटापुढे वाकले आणि बराच वेळ त्या डोळ्यांकडे पाहत राहिले. शेवटी त्यांनी कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "नाई देत."

"दोन असली घ्या!"

"नाई म्हनजे नाई देत!"

आवाज चढले तशी मृणालची होणारी सासू पदर खोचून पुढे आली. "पोरगी मांगतली तं इवायानं एका शब्दात हो म्हनलं, अन् बाहुला मांगतला तं आमचे नाई म्हनून राह्यले! आधी त्या पोरीचं उरका." मृणाल खो खो हसत सुटली आणि तारीख ठरली. परतताना गाडीत सगळे लग्नाचं बोलत होते आणि सर अर्ध्या वाटेवरच्या मूर्तिजापूरपर्यंत फुगून बसले होते.

लग्नानंतर दर महिन्याला सर अमरावतीला जात आणि अदलाबदलीची गोष्ट काढत. बोंडेसाहेब दरवेळी नाही म्हणत, आणि मग दोघे कपाटापुढे खुर्च्या टाकून चहा पीत. गेल्या हिवाळ्यात सर गेले. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची पाहिली की मला अजून करमत नाही.

तेराव्याला बोंडेसाहेब माझ्याशेजारी येऊन बसले. "मॅडम, त्याईले तो देऊन टाकाले पायजे होता मी."

"दिला असता तर सर दर महिन्याला लेकीच्या घरी आले असते का?" मी म्हटलं.

मृणाल चहा घेऊन आली होती. तिने ऐकलं. ट्रे खाली ठेवून ती सासऱ्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "बरं झालं, तुम्ही दिला नाही."