सर्वानुमते

'सर्वानुमते' हा शब्द कुठं छापलेला दिसला की आजही माझं डोकं फिरतं. सत्तरच्या दशकात, पवनी तालुक्यातल्या आमच्या गावात, मी ग्रामपंचायतीची मेंबर होते. कायद्यानं दोन बायका घ्याव्याच लागत म्हणून घेतली होती. मी सातवी शिकलेली आणि सरपंच माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. झालं, मी मेंबर! मला विचारलं कोणी? घरच्यांना विचारलं.

आमच्याकडे भासऱ्यासमोर बाईनं बसायचं नाही, बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. मग सभेत भासरे खुर्चीवर असताना मी बसणार कुठं? यावर पंचायतीनं सोपा उपाय काढला. सभा त्यांनी घ्यायची आणि रजिस्टर शिपायाबरोबर माझ्या घरी पाठवायचं. मी चुलीपुढून उठायची, पिठाचे हात पुसायची आणि शिपाई बोट ठेवील तिथं सही करायची. एकदा वाचायला लागले तर तो म्हणाला, "बाई, ठोका ना सही, मले अजून दुसऱ्या मेंबरीन बाईकडे जाचं हाय." नवरा ओसरीवरून ओरडला, "कायले वाचत बसते वो? भाऊ का खोटं लिवतीन?" मी सही केली. दोन वर्षं करत राहिले. मूर्ख, मूर्ख बाई!

त्या उन्हाळ्यात गावाला एक सरकारी बोरिंग मंजूर झाली. जागा ठरली बौद्धपुऱ्यात, कारण तिथं पाणीच नव्हतं. गावच्या विहिरीवर त्यांना कोणी चढू देत नसे. तिथल्या बायका अर्धा कोस चालून नाल्यावर जायच्या, रेतीत झिरा खणायच्या आणि वाटीवाटीनं पाणी उपसून गुंड, म्हणजे हंडे, भरायच्या. आपल्या गावात हे चालतं हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. मी रोज विहिरीवरून पाणी आणत होते आणि गप्प होते.

एका सकाळी आमची सुईण मागच्या दारी आली. माझी तिन्ही बाळंतपणं तिनं केली होती. माझ्या पोरांना या जगात पहिला हात लागला तो तिचा. विहिरीच्या दोराला मात्र तो हात चालत नव्हता. ती बसली नाही. म्हणाली, "बाई, बोरिंगचा खुनेचा दगड आमच्या पुऱ्यातून उपटला. सरपंचाच्या फाटकापुढं गाडून राहिले."

"असं कसं? ठराव तर तुमच्या पुऱ्याचा झाला होता."

"दुसरा झाला म्हनते. तुमची बी सही हाय म्हनते त्याच्यावर." मग म्हणाली, "माही सून नववा महिना असून झिऱ्यावर जाऊन राहिली, बाई. काल रेतीत बसली त उठताच येईना तिले. तुमी त पढल्या-लिवल्या. सही काहून केली?"

ती गेल्यावर मी तशीच, चुलीवरचं वरण उतून जात होतं तरी, तडक पंचायतीत गेले. ग्रामसेवकानं कपाळाला आठ्या घालून रजिस्टर काढलं. लिहिलं होतं, बौद्धपुऱ्यात योग्य जागा उपलब्ध नसल्याने बोरिंग गावातील मध्यवर्ती ठिकाणी घेण्यात यावी, सर्वानुमते मंजूर. खाली माझी सही, झोकदार, वळणदार. मध्यवर्ती ठिकाण म्हणजे भासऱ्यांचं फाटक! आणि योग्य जागा नाही म्हणे. माणसं राहायला जागा होती, पाणी प्यायला नव्हती?

पुढच्या सभेला मी गेले. घरातून निघताना नवरा म्हणाला, "माही इज्जत घालवतं का?" मी म्हटलं, "तुमची घरी ठेवून जाते." आत सभा भरली होती. भासरे खुर्चीवर. मी पदर घेतला, पण खाली सतरंजीवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी तोंड उघडून बोलले. "हा ठराव मले मंजूर नाही. बोरिंग पुऱ्यातच पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ग्रामसेवकाला म्हणाले, "बाईले सांगा, ठराव तालुक्याले गेला."

मीही ग्रामसेवकालाच म्हटलं, "सरपंचाले सांगा, दुसरा ठराव करा. पानी देनं पंचायतीचं काम हाय, उपकार नाही. ज्याले पानी नाही त्याले आधी."

"बाईले सांगा, फाटकापुढं असली तरी बोरिंग साऱ्या गावाची हाय."

"मंग पुऱ्यातल्या बायका येतीन तिथं भराले? लिवा तसं रजिस्टरात."

एकजण खोकला, एकानं तंबाखू मळायला घेतली. ग्रामसेवक पेन घट्ट धरून बसला होता. मी ते त्याच्या हातातून हिसकलं आणि जुन्या ठरावाखाली, माझ्या सहीच्या शेजारी, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'मला हा ठराव मान्य नाही. मला न वाचता सही घेतली.' घाईत चूक झाली, मी न वाचता केली असं लिहायला हवं होतं. तो ग्रामसेवक गालात हसला ते मी अजून विसरलेले नाही.

तालुक्याच्या कचेरीतही जाऊन आले. तिथल्या साहेबानं फाईल उघडून एवढंच विचारलं, "सही तुमचीच आहे ना?" होती. आठ दिवसांत मशीन आलं, फाटकापुढं बोरिंग झाली. पाणी गोड लागलं. भासऱ्यांनी नारळ फोडला आणि पहिल्याच संध्याकाळी हापशाचा दांडा काढून घरात ठेवला. सकाळी लावायचा, आपल्या लोकांचं भरून झालं की परत काढायचा. सरकारी हापसा, आणि दांडा यांच्या खुंटीला! पंचायतीत एकही माणूस यावर बोलला नाही. हरामखोरी म्हणायची नाही तर काय म्हणायचं याला?

मी सुईणीच्या घरी गेले. मनात होतं, तिला सांगावं की मी भांडले, रजिस्टरात लिहून आले, तालुक्यापर्यंत गेले. खरं सांगायचं तर तिनं मला मोकळं करावं म्हणून गेले होते. ती अंगण सारवत होती, त्यालाही पाणी मोजून घेत होती. मी सगळं सांगितलं. तिनं ऐकलं. शेवटी मी म्हटलं, "माह्यावर राग नको धरू, माय. मले कोनी इचारलंच नव्हतं. रजिस्टर घरी आणून सही घेतली फक्त."

तिनं हात थांबवला. रागानं नाही, अगदी सरळ माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमच्या घरी त आलं, बाई. आमच्या घरी कोन आलतं?"

तेवढ्यात तिची सून झिऱ्यावरून आली. एक हात कमरेवर, डोक्यावर गुंड. मी उठून तो उतरवायला हात लावला, तर ती दचकून मागं सरकली. तुमाले चालते का, असं तिनं मला विचारलं.