बादलीतले दोन मासे

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. यांनाही नाही—आणि यांना तर मी कोबी कितीला घेतला तेसुद्धा सांगते. तुम्हाला का सांगतेय? नक्की ठाऊक नाही. ऐका झालं. मध्ये कुठे हसू आलं तर खुशाल हसा, कारण गोष्ट माशांची आहे, आणि ती सांगतेय जन्मात मासा न खाल्लेली बाई.

यांच्या बँकेच्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात आलो. दोन-तीन वर्षांत परत जायचं म्हणत म्हणत बालीगंजच्या फ्लॅटमध्येच म्हातारे झालो. मी इथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. म्हणजे बघा, कॉलेजात बेडूक फाडायचे आणि घरात अंडंसुद्धा येऊ द्यायचं नाही. बंगाली मैत्रिणी यावरून यथेच्छ चेष्टा करायच्या. मला त्यात कधी काही खटकलं नाही. कॉलेजचं कॉलेजात, घरचं घरी.

निवृत्तीनंतर मी नदीच्या कामात पडले. शहराच्या पूर्वेला एका नदीचा जुना फाटा आहे—गाळाने भरलेला, जलपर्णीखाली गुदमरलेला. आम्ही काही रिकामटेकड्यांनी तो मनावर घेतला. जलपर्णी ओढून काढली, गाळ उपसून घेतला, काठाला माती चढवून बांध घातला. हे सगळं कशासाठी? तर तिथून नाहीसे झालेले मूळचे छोटे मासे परत यावेत म्हणून. बाजारातले मोठे मासे नव्हेत. ज्यांना कुणी विचारत नाही असले.

त्यातला एक खोलशे. बाटलीच्या बुचाहून जरासा मोठा, अंगावर निळे-तांबडे पट्टे. नर पाण्यावर फेसाचं घरटं बांधतो आणि अंड्यांतून पिल्लं बाहेर येईपर्यंत त्याखाली राखण करत बसतो. आमच्या फाट्यात सोडायला हे खोलशे तपनबाबू वाढवायचे, बागबाजारच्या आपल्या घराच्या गच्चीवर, सिमेंटच्या टाक्यांत. विम्याच्या ऑफिसातली नोकरी सांभाळून. माणूस बडबड्या, हट्टी, बैठकीला हमखास उशिरा येणारा. मला पाहिलं की म्हणायचे, मराठ्यांना अडवायला खणलेला खंदक आमच्याच भागातून सुरू व्हायचा दीदी, तरी तुम्ही आत आलातच. दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी हसायचे स्वतःच.

आमच्या या मंडळाची अध्यक्ष मी होते. शाळाशाळांतून भाषणं द्यायची मी. फाट्याच्या काठावर पाटी लावली होती—‘घरच्या काचपेटीतले मासे इथे सोडू नका’—तो मजकूरही माझाच. परके मासे शिरले की मूळच्यांची अंडी खातात, जागा बळकावतात, हे मी पोरांना घसा फोडून सांगत असे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आलं ना लक्षात? पण थांबा, इतक्यात नाही.

आमच्या घरी काचपेटी होती. लेक शाळेत असताना घेतलेली. काच साफ ठेवतात म्हणून दुकानदाराने दोन काळपट मासे दिले होते, बोटाएवढे. लेक नोकरीसाठी बंगळूरला गेली, बाकीचे मासे एकेक करून मेले, हे दोघे राहिले. राहिले म्हणजे काय, वाढतच गेले. हातभर झाले, अंगावर चिलखत असावं तसे कडक खवले. पेटीत वळायला जागा उरली नाही. वास यायला लागला. दुकानदार परत घेईना. कामाला येणारी मालती म्हणाली, असला मासा आमच्यात कुणी तोंडात घालत नाही.

मारायला हवे होते. कसे, तेही मला माहीत होतं—त्रास न होता कसं मारायचं हे मी वर्गात शिकवलंय. पण हे म्हणाले, घरात जीव घ्यायचा नाही हं. आणि मला—खरं सांगू?—सुटल्यासारखं वाटलं. दोष यांचा नाही. यांनी फक्त तेवढंच म्हटलं होतं.

एका रविवारी दुपारी झाकणाची बादली घेऊन टॅक्सीत बसले. आधी जवळच्या तळ्यावर गेले. तिथे पहारेकरी, फिरायला आलेली माणसं, त्यात एक ओळखीची बाई. बादलीत काय आहे म्हणून विचारलं तर काय सांगणार? टॅक्सीवाल्याला म्हटलं, पुढे घ्या. शहरात असं एकच ठिकाण होतं जिथे माझ्या हातातल्या बादलीचं कुणाला नवल वाटलं नसतं.

आमचा फाटा.

तिथल्या एका कोळ्याने लांबून हातसुद्धा केला मला. मीही केला. मग पाटीकडे पाठ करून बसले आणि बादली तिरपी केली. आधी एक गेला. दुसरा जायला तयार नव्हता, त्याला हाताने ढकलला. मी काय करतेय हे मला पुरतं कळत होतं. अज्ञानाने केलं असतं तर ही गोष्टच नसती. घरी येऊन सांगितलं की दुकानदाराने घेतले एकदाचे. हे म्हणाले, बरं झालं.

पुढच्या पावसाळ्यानंतर कोळ्यांची जाळी फाटायला लागली. माशांच्या काटेरी परांनी फाटत होती. बांधाला पाण्यालगत बिळं दिसली—हे मासे काठ पोखरून आत अंडी घालतात—आणि एका बाजूने बांध खचला. मग जाळ्यात पिल्लंच सापडली, काळपट, बोटाएवढी. एकच सोडला असता तर? पण दोन होते, आणि त्यांत नर कोण, मादी कोण, हे पाहायचे कष्टही मी घेतले नव्हते. आणखी कुणी सोडले नसतीलच असं नाही. पण त्या आणखी कुणाच्या आड मी पुष्कळ लपले आहे.

सॉल्ट लेकला आमच्या सेक्रेटरींच्या घरी बैठक बसली. मासे आले कुठून? आमच्यात मासे पाळणारे कोण? झालं, सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. माझ्या घरच्या काचपेटीचं त्या लोकांना ठाऊक नव्हतं. तपनबाबू आधी हसले, मग चिडले, मग उभे राहून म्हणाले, गच्चीवर येऊन बघा, असला एक मासा दाखवा. गच्चीवर मी कितीदा गेले होते. टाकी न् टाकी पाहिली होती. तिथे खोलशेंशिवाय काही नव्हतं, हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. तुम्ही या विषयातल्या, म्हणाले, तुम्हीच सांगा—तपनबाबूंच्या टाक्यांतून आले असतील का?

मी म्हटलं, “सांगता येत नाही.”

तेवढंच. तपनबाबूंना सांगण्यात आलं की यापुढे गच्चीवरचं काही फाट्यात आणू नका. ते पुन्हा आले नाहीत. खोलशे यायचे बंद झाले, आणि होते त्यांची अंडी माझ्या माशांच्या पिल्लांनी खाल्ली असणार. मंडळ मोडलं. बांध कुणी बांधला नाही. जलपर्णी परत आली. ज्या माणसाने खोलशे राखले, त्यानेच नदी नासवली असं लोक अजून म्हणतात. मी ऐकते. विषय बदलते.

गेल्या हिवाळ्यात तपनबाबू घरी आले. वाळले होते. विनोद केला नाही. त्यांचं जुनं घर पाडून तिथे फ्लॅट होणार होते, गच्ची जाणार होती. उरलेले खोलशे एका नातेवाइकाच्या गावच्या तळ्यात नेऊन सोडले, म्हणाले—आधी तळ्यात दुसरं काय आहे ते पाहून.

“दीदी, त्या दिवशी सगळ्यांनी मला चोर ठरवलं,” ते म्हणाले. “एकट्या तुम्हीच ठरवलं नाहीत. सांगता येत नाही म्हणालात. प्रामाणिक माणूस तेवढंच म्हणू शकतो. हे एकदा समोर येऊन सांगायचं होतं.”

हे शेजारच्याच खुर्चीत होते. यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. मी तपनबाबूंना म्हटलं, चहा टाकते. त्यांनी चहा घेतला, बिस्किटंही घेतली, जाताना वाकून नमस्कार केला. मी तो करू दिला.

आता हे लिहून काढलंय. सगळं, जसं झालं तसं. मराठीत लिहिलंय. तपनबाबूंना मराठी येत नाही, हे मला पहिलं वाक्य लिहितानाच माहीत होतं.