कागदातला करदोडा

करदोडा ही माणसाच्या अंगावरची सगळ्यात साधी वस्तू. तान्हेपणी कमरेला बांधतात आणि मेल्यावर तोडतात. अणदूरचा उत्तरेश्वर आठवडी बाजारात पोतं अंथरून तेच विकायचा. काळे, लाल करदोडे काठीला टांगायचा आणि घेईल त्याला कागदाच्या पुडीत बांधून द्यायचा.

काही गिऱ्हाइकांची पुडी जरा जाड असायची. तिच्यात निरोध असत. पुरुषांवर जीव जडणाऱ्या पुरुषांना निरोध पोचवायचे, आणि अधूनमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेऊन त्यांचं एचआयव्हीसाठी रक्त तपासून आणायचं, हे काम त्याला एका संस्थेनं दिलं होतं. तो स्वतःही त्यातलाच. गावातली टवाळ पोरं त्याला मावशी म्हणत. म्हणून त्यानं एक नेम केला होता: जे काही करायचं ते बाजाराच्या गर्दीत, गिऱ्हाइकाच्या गावात पाऊल टाकायचं नाही. आपण ज्याच्या दारात दिसू त्याचं घर बदनाम होईल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

जळकोटजवळच्या वाडीतला योगीराज एका बाजारी त्याच्या पोत्यापाशी येऊन टेकला.

"मामा, लग्न ठरलंय माझं. पुण्यात हाटेलात होतो तवा एकासंगं... निरोध नव्हता जवळ. आधी रगत बघायचंय. पोरीचं वाटोळं नगं."

"आज दवाखान्याची वेळ टळली. पुढल्या बाजारी ये. माझ्या फटफटीवर नेतो."

दुसऱ्या दिवशीही नेता आलं असतं. पण बाजाराच्या दिवशी गिऱ्हाइकाला घरी निमित्त सांगावं लागत नाही, म्हणून त्याच दिवशी न्यायचं ही त्याची जुनी रीत. त्या रीतीनंच घात केला. पुढला बाजार भरलाच नाही. कोरोनानं सगळं बंद पडलं.

वाड्या-वस्त्यांनी वाटेवर बाभळीच्या काट्या ओढल्या. दवाखान्यात रक्त तपासणारा माणूस कोरोनाच्या कामाला जुंपला गेला आणि त्याच्या खोलीला कुलूप लागलं. उत्तरेश्वरच्या घरी निरोधांची खोकी धूळ खात पडली. योगीराजला फोन लावला तर त्याची आई कमलबाई उचलायची. "कोण बोलतंय?" म्हणायची. हा गुमान फोन ठेवायचा.

एकदा योगीराजनंच रानातून फोन केला.

"मामा, परवा अक्षता हायत. मांडव न्हाय, पंगत न्हाय, दारातच उरकायचं म्हणतीया आई."

"थांबव."

"काय सांगून थांबवू?"

"मग तपासणी होईस्तोवर निरोधाबिगर न्हाय. आईची आण घे."

"आणू कुठनं? मेडिकलवाला आमच्या भावकीतलाच हाय. सांजच्याला वाटंवर माझाच पहारा असतो. तुमीच या."

जन्मात पहिल्यांदा उत्तरेश्वरनं नेम मोडला. एका करदोड्याभोवती मावतील तेवढे निरोध ठेवून पुडी बांधली आणि पोलीस नको म्हणून बांधाबांधानं चालत निघाला. ऊन कलताना वाडीपाशी पोचला. योगीराज काट्यांपलीकडं काठी घेऊन उभा होता. पण एकटा नव्हता. चुलतभाऊ रणधीर आणि आणखी दोघं-तिघं होते.

"कोन हाय रं?" रणधीर ओरडला.

"करदोडेवाला. नवरदेवाला नवा करदोडा आणलाय."

"आरं, ही तर अणदूरची मावशी! का गं मावशे, लगीन ऐकून जीव राहिला न्हाय व्हय? नवरदेवा, हिला कधीपासून वळखतो रं तू?"

पोरं खिदळली. उत्तरेश्वरनं काट्यांवरून पुडी पुढं धरली. योगीराजचा चेहरा चुन्यागत पांढरा पडला.

"म्या न्हाय मागवला," तो म्हणाला. "माघारी फिरा."

आणि त्यानं काठीनं पुडी उडवली. ती काट्यांत अडकली.

"हात लावू नगंस," रणधीर म्हणाला, "कोरोना असंल तिच्यावर." त्यानं काडी ओढून पुडीला लावली.

उत्तरेश्वर एक शब्द बोलला असता तर लग्न मोडलं असतं. आणि योगीराजला त्याच संध्याकाळी विहीर जवळ करावी लागली असती. तो वळला. मागं रबर जळाल्याचा वास येत राहिला. पोरांना तो कळला नसावा. योगीराजला कळला असणार.

बाजार पुन्हा भरायला लागले, त्यानंतर काही महिन्यांनी एक बाई तान्हं लेकरू घेऊन उत्तरेश्वरच्या पोत्यासमोर बसली. योगीराजची बायको, निकिता. दिवस गेल्यावर दवाखान्यात तिचं रक्त तपासलं, त्यात एचआयव्ही निघाला. मग योगीराजचं तपासलं. आता दोघांना गोळ्या चालू होत्या. लेकराच्या काही तपासण्या व्हायच्या होत्या.

"त्यांनी समदं सांगितलं मला," ती म्हणाली. "काट्यांपाशी तुमीच आल्ता न्हवं?"

"व्हय, बाई."

"मग वरडला का न्हाईत?"

उत्तरेश्वर काठीवरचे करदोडे सारखे करत राहिला. 'त्याची अब्रू' हे शब्द ओठांवर आले. समोर तिला बघून ते बाहेर पडेनात.

"माझं चुकलं," एवढंच तो म्हणाला.

तिनं लेकराच्या कमरेवरचं दुपटं बाजूला सारलं.

"ह्याला काळा द्या."

त्यानं लहानसा करदोडा काढला आणि सवयीनं कागद ओढला.

"कागदात नगं," निकिता म्हणाली. "समद्यांना दिसू द्या. हितंच बांधा."

भर बाजारात उत्तरेश्वर लेकराच्या कमरेला करदोडा बांधायला लागला. आयुष्यभर गाठी मारलेल्या त्या बोटांना गाठ काही केल्या जमेना.