आमच्या नावाची प्रयोगशाळा

चपराशानं माझं दप्तर व्हरांड्यात उलटं केलं. पुस्तकं, कंपास, पोळीचा डबा. डबा उघडून त्यानं भाजीतसुद्धा बोट घालून पाहिलं. प्रयोगशाळेच्या नव्या सामानातलं एक भिंग कमी भरत होतं, आणि शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या सचिव बाईंना खात्री होती की आम्हा पोरांपैकीच कुणीतरी ते लांबवलं. "या वस्तीतल्या मुलांना असल्या वस्तूंची सवय नसते हो," त्या आमच्या विज्ञानाच्या सरांना म्हणाल्या. हळू नाही. आम्हाला ऐकू येईल असं.

सर गप्प उभे होते.

मी दहावीत होते. कोराडीची आमची मराठी शाळा. वीज केंद्राची राख बाकांवरून रोज पुसावी लागे. विज्ञान आम्ही फळ्यावर शिकलो. सर खडूनं परीक्षानळी काढायचे आणि खडूनंच तिच्यातून धूर काढायचे. सरकारी पैसा येऊ द्या, तुमच्या हातात सूक्ष्मदर्शक देतो, म्हणायचे. सर आमच्याच बौद्ध वस्तीतले, विहारात बाबांच्या शेजारी बसणारे. बाबा ठेकेदाराकडे राख उपसायचे. आमच्या घरात सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

झडतीच्याच दिवशी सकाळी खरंच सामानाचा टेम्पो आला. तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार होते. पेट्या उतरवताना आमचं नाचायचंच बाकी होतं. सूक्ष्मदर्शकातून मी कांद्याची पातळ साल पाहिली. भिंतीत विटा रचाव्यात तशा पेशी. मला हेच शिकायचं, मी तिथंच ठरवलं. दर आठवड्याला प्रयोग होतात का, असं साहेबांनी विचारलं. सरांनी पढवलं होतं तसं सगळा वर्ग हो म्हणाला.

साहेबांची गाडी गेली आणि बाईंनी सामान परत भरायला सांगितलं. नागपुरातल्या, संस्थेच्याच इंग्रजी शाळेत जाणार होतं ते. तिथली मुलं फी भरतात. हे आपलं नाही का, असं मी सरांना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "आपल्याच शाळेच्या नावानं आलं बेटा. ठेवतात तिकडे."

त्यानंतर ते भिंग, ती झडती. भिंग पेटीतल्या भुशातच सापडलं. माफी कुणीच मागितली नाही. आता पेट्या उचला, बाई म्हणाल्या.

मी उचलली नाही. बाईंना म्हटलं, "सामान आमच्या नावानं आलं. ते तुम्ही घेऊन चालल्या. अन् दप्तर आमचंच काहून तपासता?"

सरांनी मला गप्प बस म्हटलं. बाईंना नाही. मला.

अकरावीला मी शहरात विज्ञान घेतलं. त्या इंग्रजी शाळेतली मुलगी माझ्या बाजूला होती. तिचा हात सूक्ष्मदर्शकावर सराईतासारखा फिरायचा, मला काचपट्टी कुठं ठेवायची तेही कळेना. मॅडम म्हणाल्या, शाळेत काय झोपा काढल्या का? सगळे हसले. बारावीत लेखी परीक्षेत मी तिच्या पुढे होते, प्रात्यक्षिकात आपटले. सूक्ष्मजीवशास्त्राची जागा हुकली. आज मी बी. ए. करते. वाईट नाही ते, पण मी मागितलं नव्हतं.

यंदा मी त्या सामानाबद्दल शिक्षण खात्यात संस्थेची तक्रार केली. सोमवारी सुनावणी आहे. परवा सर घरी आले. थकले आहेत, निवृत्तीला आलेत. आईनं चहा दिला.

"माह्यं नाव नको घेऊ वं बेटा," ते म्हणाले. "संस्थेनं पेन्शन अडकवली तं मी काय करू?"

मला रडू आलं. बाईंचा मला फक्त राग येतो. या माणसावर माझा जीव होता, अजून आहे, आणि म्हणूनच त्यांचं गप्प राहणं जास्त सलतं. बाई परक्या होत्या. सर आमचे होते.

"घेईन सर," मी म्हटलं.

सर उठले. चपला घालून निघून गेले. मी थांबवलं नाही. सोमवारी मी जाणार आहे. त्या दिवशी कोण काय बोललं ते सांगीन, आणि कोण बोललं नाही तेही सांगीन.